फुलाचे सुटे भाग

आमच्या पिंपरी-चिंचवडकडे ‘पार्ट’ या शब्दाला जितका मान आहे, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला असेल. निगडीपासून भोसरीपर्यंत, आणि पुढे मोशी ओलांडून चाकणपर्यंत निघालात तर रस्त्याच्या दुतर्फा कोणी ना कोणी कशाचा ना कशाचा तरी पार्ट करीत असलेला आढळेल. कोणी गिअरचे दाते पाडतो, कोणी स्प्रिंगा वळतो, कोणी नुसतेच वॉशर कापतो. इथला बारा-चौदा वर्षांचा मुलगासुद्धा बंद पडलेल्या मोटारसायकलीजवळ उकिडवा बसून ‘प्लग गेला असेल’ असे निदान करतो, आणि पुष्कळदा ते खरे ठरते!

दिवाळीच्या आठवड्यात मात्र याच रस्त्यांच्या कडेला झेंडूचे आणि शेवंतीचे ढीग पडतात. त्याच मुलाला विचारावे, ‘काय रे, या फुलाच्या पोटात काय असते?’ तो आपल्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहील आणि म्हणेल, ‘पाकळ्या!’

एरवी या सदरात मी शब्दांविषयी लिहितो. आज फुलांविषयी लिहिण्याचा विचार आहे. पण शब्द काही माझा पिच्छा सोडणार नाहीत, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

झेंडूपासूनच सुरुवात करू. ज्याला आपण झेंडूचे एक फूल म्हणतो, ते एक फूल नव्हेच. तो एक अख्खा गाव आहे. त्यातली एकेक ‘पाकळी’ म्हणजे एकेक स्वतंत्र फूल. दाराचे तोरण वाळले की त्यातला एक झेंडू घरातल्या मुलांना कुस्करायला द्या. काळ्या बारीक काड्या आणि त्यांच्या टोकाला फिकट रंगाचे कुसळ असे काहीतरी हाती येईल. आपण त्याला बी म्हणतो. वनस्पतिशास्त्र म्हणते, ते बी पोटात घेतलेले एकेक फळ. शेवंती आणि सूर्यफूल ही झेंडूची सख्खी भावंडे. त्यांच्याकडेही हाच एकत्र कुटुंबाचा कारभार. दसरा-दिवाळीशी इतका एकरूप झालेला हा झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, अमेरिकेचा शोध लागल्यानंतर आपल्याकडे आला, हे सांगितले तर आमच्या घरी कोणाचाच विश्वास बसत नाही.

आमच्या भागाच्या नावांतच झाडे आहेत. चिंचवड म्हणताना चिंच आणि वड असे दोन वृक्ष एका दमात तोंडी येतात. पिंपरीत पिंपळ ऐकू येतो. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर, पिंपळे निलख या तिन्ही गावांत तर तो उघडच उभा आहे. चाकणकडे गेलात तर आंबेठाणात आंबा आणि महाळुंग्यात महाळुंग. व्युत्पत्तीचे वाद विद्वानांवर सोपवू. पण गंमत अशी की, वड आणि पिंपळ यांचे फूल आपल्यापैकी कोणीच पाहिलेले नसते. उंबराचेही तसेच. म्हणून तर वर्षावर्षांत दर्शन न देणाऱ्या पाहुण्याला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. त्या पाहुण्याला काय ठाऊक, की उंबराला फुले असतात आणि ती शेकड्यांनी असतात! उंबराचे, वडाचे किंवा पिंपळाचे जे फळ आपल्याला दिसते ती खरे पाहता एक बंद डबी आहे. तिच्या आतल्या भिंतीला बारीक बारीक फुले दाटीने चिकटलेली असतात. डबीच्या तोंडाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र असते. त्यातून एक चिमुकला कीटक आत शिरतो, काही फुलांत अंडी घालतो आणि जाता जाता बाकीच्या फुलांना पराग पोचवतो. वडाचा कीटक वेगळा, पिंपळाचा वेगळा, उंबराचा वेगळा. बहुधा प्रत्येकाचे घर ठरलेले. तो कीटक नाहीसा झाला तर त्या जातीच्या झाडाला बी धरणार नाही. एवढ्या मोठ्या वटवृक्षाचा वंश एवढ्याशा जिवाच्या पंखांवर अवलंबून!

फुलाचे सगळे भाग सुटे सुटे करून पाहायचे असतील तर जास्वंदीसारखे सोयीचे फूल नाही. गणपतीला वाहण्यापूर्वी एखादे बाजूला ठेवावे. देठाच्या टोकाला पाच टोकांची हिरवी वाटी असते. कळी असताना तिने आतल्या ऐवजाचे रक्षण केलेले असते. तिच्या आत पाच पाकळ्या. त्या कशासाठी? आपल्या देव्हाऱ्यासाठी खास नव्हेत. त्या गिऱ्हाइकाला बोलावणाऱ्या रंगीत पाट्या आहेत. पाकळ्यांच्या मधून जी लांब दांडी बाहेर येते ती एक पोकळ नळी. तिच्यावर पिवळ्या परागांच्या इवल्या पिशव्या लोंबत असतात. हा झाला नराचा भाग. या नळीच्या आतून दुसरी, त्याहून बारीक दांडी वर जाते आणि टोकाशी पाच तांबड्या मखमली ठिपक्यांनी प्रकट होते. हा मादीचा भाग. तिचे मूळ खाली फुलाच्या तळाशी, एका छोट्या हिरव्या गोळ्यात असते. नळीत नळी बसवण्याचे हे काम आमच्याकडच्या एखाद्या जुन्या टर्नरने पाहिले तर तोही मान डोलावील.

मखमली ठिपक्यावर पराग पडला की त्याला एक सूक्ष्म नळी फुटते, ती दांडीतून खाली खाली उतरते आणि तळच्या गोळ्यातल्या बीजांडाशी पोचते. मग बीजांडाचे बी होते आणि गोळ्याचे फळ. बागेतल्या जास्वंदीला सहसा फळ धरत नाही. पण तिच्याच कुळातल्या भेंडीने ती उणीव भरून काढली आहे. भेंडी आडवी चिरा: पाच कप्पे आणि कप्प्याकप्प्यात बिया. ते जास्वंदीचेच घराणे!

आता शब्दांकडे वळतो. हिरव्या वाटीला शाळेच्या पुस्तकात ‘निदलपुंज’ म्हणतात, पाकळ्यांना ‘दलपुंज’, नराच्या भागाला ‘पुमंग’ आणि मादीच्या भागाला ‘जायांग’. पुमान् म्हणजे पुरुष आणि जाया म्हणजे पत्नी हे ठाऊक असेल तर दोन्ही शब्द कसे चटकन बोलू लागतात! मराठी विश्वकोश उघडलात तर तेथे याच भागांना संवर्त, पुष्पमुकुट, केसरमंडल आणि किंजमंडल अशी दुसरी नावे मिळतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. शाळेचा ‘अंडाशय’ तो विश्वकोशाचा ‘किंजपुट’. दोन्ही घडणी डौलदार आहेत. माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला तर दोन्ही आवडतात. पण ज्या मुलाला दहावीपर्यंत एक परिभाषा, संदर्भग्रंथात दुसरी आणि अकरावीत गेल्याबरोबर तिसरी, म्हणजे इंग्रजी, अशा तीन घाटांचे पाणी प्यावे लागते, त्याला आवडीनिवडीची चैन कोठून परवडणार?

हे मला नुसते सुचले नाही; समोर दिसले. आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर चाकणकडच्या एका गावातले कुटुंब राहते. शेत कारखान्यांसाठी गेले, मुलगा कंपनीत लागला, आणि म्हातारी आजी पंचाहत्तराव्या वर्षी लिफ्टने वरखाली करू लागली. तिने पहिल्या पावसात गॅलरीत एक निळा ड्रम अर्धा कापून घेतला, त्यात माती भरली आणि तांबड्या भोपळ्याच्या बिया टोचल्या. वेल गजांवर चढला. पिवळीधमक फुले येऊ लागली, आणि दुपारपर्यंत माना टाकून गळूही लागली. पंधरा दिवस हाच प्रकार. शेजारच्या एक बाई सहज म्हणाल्या, “आजी, वांझ वेल दिसतोय. उपटून टाका आणि तुळस लावा.”

आजीला तो शब्द लागला. मला जिन्यात गाठून म्हणाली, “मास्तर, वांज कशानं वो? ही गडीफुलं हायेत. आधी गडीच येत्यात. बाईफुलं मागनं येतील.”

आजीचे बोलणे अक्षरशः शास्त्रशुद्ध होते. भोपळा, काकडी, दुधी, कारले, दोडका या मंडळींत नरफुले आणि मादीफुले एकाच वेलावर पण वेगवेगळी येतात, आणि भोपळ्याची नरफुले बहुधा आधी येतात. ओळखायला सोपी: नरफुलाचा देठ लांब आणि सडसडीत, मादीफुलाच्या बुडाशी मात्र फूल उमलण्यापूर्वीच सुपारीएवढा भोपळा तयार असतो. आठवड्याभरात तशी फुले आली. आजी हरखली. पण पहिले तीनही चिमुकले भोपळे पिवळे पडून गळाले. आजीच्या जन्मात असे झाले नव्हते. शेतात फळ धरवण्याचे काम तिला कधी करावेच लागले नव्हते. ते माश्या करीत होत्या.

तिची नात तेव्हा अकरावीत होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गुण उत्तम, डोळ्यांत उमेद. अकरावी सायन्सला गेली आणि दोन महिन्यांत मुलगी अबोल झाली. बायॉलॉजीचे पुस्तक उघडले की तिला रडू येई. “कॉमर्सला बदलून घेते,” असे तिने वडिलांना सांगून टाकले होते, आणि पाळीवरून दमून आलेल्या वडिलांनीही “तुझं तू बघ” म्हटले होते. अर्ज लिहून देण्यासाठी ती माझ्याकडे आली. अर्ज लिहिण्यापूर्वी मी विचारले, “अडतंय कुठं?”

तिने पुस्तक पुढे केले. “काका, हे बघा. ‘इन्फीरिअर ओव्हरी’. म्हणजे हलक्या प्रतीची ना? भोपळ्याची हलकी आणि वांग्याची भारी, असं का? सगळं पाठ केलंय, पण कळत काहीच नाही.”

मी तिला घेऊन वर तिच्याच गॅलरीत गेलो. ‘इन्फीरिअर’ हा शब्द लॅटिनमधला. त्याचा मूळचा साधा अर्थ ‘खालचा’. अंडाशय पाकळ्यांच्या खाली असेल तर तो इन्फीरिअर, वर असेल तर सुपीरिअर. मराठीत अधःस्थ आणि ऊर्ध्वस्थ. एवढे मी सांगितले. पुढचे आजीने केले. तिने वेलावरचे एक मादीफूल बोटाने उचलून धरले आणि म्हणाली, “ह्यो बघ की. फूल वर, भोपळा खाली.”

मुलगी क्षणभर पाहत राहिली. मग म्हणाली, “एवढंच?”

एवढेच. आणि एकदा हे कळले की स्वयंपाकघर हेच प्रयोगशाळा होते. वांग्याची आणि टोमॅटोची हिरवी टोपी देठाकडे असते. म्हणजे फळ टोपीच्या वर, आतून वाढले. पेरूची आणि डाळिंबाची टोपी देठाच्या विरुद्ध टोकाला असते. म्हणजे फळ तिच्या खाली वाढले. भोपळ्याच्या किंवा काकडीच्या टोकाला टोपी नसली तरी गळून गेलेल्या फुलाची खूण असते. त्या संध्याकाळी मुलीने घरातली सगळी भाजीची टोपली पालथी घातली, असे तिच्या आईने तक्रारीच्या सुरात, पण हसत सांगितले.

आता भोपळ्याचे कोडे उरले होते. तिच्या पुस्तकात परागणाचा धडा होता. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट. ते वाऱ्याने उडत नाहीत, त्यांना मधमाशीच लागते. आजी म्हणाली, “हितं इतक्या वर माशी कुठनं यायची?” मुलगी म्हणाली, “मग आपणच माशी होऊ!”

भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते, म्हणून हा उद्योग सकाळीच करावा लागतो. आजीने गडीफूल ओळखून खुडावे, नातीने त्याच्या पाकळ्या सोलून मधली पिवळी दांडी बाईफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावी. पाच फुलांना हा उपचार झाला. दोन धरली. एक पुढे मुसळधार पावसात गेले. उरलेल्या एका भोपळ्याचे घारगे दसऱ्याच्या सुमारास साऱ्या मजल्यावर वाटले गेले, आणि ‘वांझ वेल’ म्हणणाऱ्या बाईंच्या घरी आजीने दोन जास्त पाठवले.

अर्ज लिहायचा राहिला. मुलगी सायन्सलाच आहे. पहिल्या चाचणीत गुण काही फार पडले नाहीत; रस्ता अजून चढाचाच आहे. पण तिने एक वही घातली आहे, ती मला फार मोलाची वाटते. वहीत तीन रकाने. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात शाळेच्या पुस्तकातला मराठी, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिले आहे: ‘आजीचा शब्द’.

या तिसऱ्या रकान्याने मला चकित केले. कांद्याला फूल येऊ लागले की जो उभा पोकळ दांडा निघतो त्याला ‘डेंगळा’. ज्वारीचे कणीस अजून पानाच्या म्यानात असते तेव्हा ती ‘पोटरीत’ आली. बाहेर पडले की ‘निसवली’. मग फुलोरा, मग हुरडा. हरभऱ्याचा ‘घाटा’. केळीचे ‘लोंगर’. उसाचा ‘तुरा’, आंब्याचा ‘मोहोर’. भुईमुगाचे फूल वर लागते पण शेंग जमिनीत होते, हे कसे? फलन झाल्यावर अंडाशयाच्या खालून एक दांडी फुटून मातीत शिरते. तिला आजी ‘आरी’ म्हणते. मक्याच्या कणसाची ‘दाढी’ आपण भाजण्यापूर्वी ओरबाडून फेकतो. त्या दाढीतला एकेक केस म्हणजे एकेका दाण्याकडे जाणारी परागाची वाट. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्याचा दाणा भरत नाही, आणि मग कणसात खिंडार दिसते. आजीला परागनलिका ठाऊक नव्हती. पण कोणते कणीस ‘दातपडके’ निघणार हे ती सांगू शकत असे.

महाकवी गटे याने १७९० साली वनस्पतींच्या रूपांतरावर एक छोटे पुस्तक लिहिले. फुलाचे सारे अवयव म्हणजे एकाच पानाची निरनिराळी रूपे, हा त्याचा विचार. कवीची कल्पना म्हणून ती उडवून लावता आली असती. पण पुढच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातले पुष्कळसे खरे ठरवले. तळेगावच्या फुलशेतीतला गुलाब पाहा. रानगुलाबाला पाकळ्या पाचच. बागेतल्या गुलाबाच्या ज्या दाट पाकळ्या, त्यातल्या बहुतेक म्हणजे रूप बदललेले पुंकेसर. पुष्कळदा एखादी अर्धवट पाकळी आणि अर्धवट केसर अशी मधल्या अवस्थेत सापडते. शब्दांचेही असेच होत असावे. डेंगळा आणि पुष्पदंड हे काही वैरी नव्हेत. एकाच पानाची दोन रूपे आहेत. फक्त मधली अवस्था कोणीतरी मुलांना दाखवावी लागते.

चाकणचा कांदा एके काळी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होता. आंबेठाणला शेती करणाऱ्या शरद जोशींनी १९८० साली कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभारले ते याच चाकणला. बाजार आजही भरतो. थोडे पुढे राजगुरुनगरला कांदा-लसणावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्थाही आहे. पण बाजाराभोवतीच्या शिवारांत आता मोटारी जुळतात. त्यात काही वाईट झाले असे मी म्हणत नाही. त्या मोटारींवर आम्हा सर्वांची घरे चालली आहेत. मात्र शेत गेले की शेताचे शब्द फार तर एक पिढी टिकतात. इंग्रजीचा रकाना कंपन्या भरतील, मधला सरकार भरील. तिसरा रकाना भरणारी माणसे मात्र आज सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत बसलेली आहेत, आणि त्यांना कोणी काही विचारीत नाही.

दिवाळीच्या सुटीत फराळ करता करता हे काम सहज होईल. घरातल्या, शेजारच्या, गावाकडून आलेल्या कोणा आजी-आजोबांसमोर वही उघडून बसावे आणि विचारावे, ‘याला तुमच्याकडे काय म्हणायचे?’ आणि नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी अंगठ्याखाली चिरडण्यासाठी जे कारीट आणाल, ते चिरडण्यापूर्वी मुलांच्या हातात द्यावे. तेही भोपळ्याच्याच कुळातले. एका टोकाला देठ असेल. दुसऱ्या टोकाला, नीट पाहिले तर, वाळून गेलेल्या फुलाची खूण सापडेल. ती मुलांनी आपली आपण शोधावी. मग खुशाल नरकासुराचा वध करावा.